जेंबे आणि बाबांचे कान

पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक थापतात. ती ओली असेपर्यंत आवाज भरदार निघतो, सुकली की नुसता ठणठणाट. वाकोल्याच्या आमच्या चाळीत दर रविवारी सकाळी ती कणीक मळून द्यायचं काम माझ्याकडे होतं. फार सैल नको, फार घट्ट नको, मीठ तर अजिबात नको. परात मी बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवायची. बाबा त्यातला गोळा उचलून पखवाजावर थापायचे, दादा त्यांच्यासमोर मांडी ठोकून बसायचा आणि मी पडदा सारून स्वयंपाकघरात परत जायची. पखवाजाला हात लावू नकोस असं मला कुणी कधी बजावलं नाही. बायकांनी वाजवायचं नसतं हे घराला ठाऊक होतं, चाळीला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका गोडाउनवर वॉचमन झाले. दोन्ही ठिकाणी त्यांना कुणी फारसं विचारलं असेल असं वाटत नाही. भजन मंडळात मात्र त्यांचा मान होता. ते येऊन बसल्याशिवाय बुवा पेटीवर बोट ठेवायचे नाहीत. गणपतीत आमच्याकडे भजनाला एवढी माणसं यायची की जिन्यापर्यंत बसायची. बायका आत काळ्या वाटाण्याची उसळ ढवळत आणि चहा गाळत. मीही त्यांच्यातच. चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेलं की बाबांच्या हातांकडे एक नजर टाकता यायची, म्हणून तो ट्रे मी दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ द्यायची नाही.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बोल त्याला पाठ व्हायचे, पण समेवर येताना तो नेमकी एक मात्रा गिळायचा. मी आत नारळ खवत असायची आणि तो चुकणार हे मला तो चुकायच्या आधी कळायचं. बाबा त्याला पुन्हा सुरुवातीपासून घ्यायला लावायचे, न चिडता, न ओरडता. इतका धीर त्यांनी आईच्या बाबतीतही कधी दाखवला नाही. दादाने बारावीला अभ्यासाचं निमित्त काढून पखवाज सोडला. पुढे बँकेत लागला. पखवाज खोळीत गेला, मी लग्न करून मुलुंडला गेले आणि मंडळातली म्हातारी माणसं एकेक करून कमी होत गेली.

मी बाबांवर राग धरला नव्हता. हे मी मुद्दाम सांगते. तो जुना माणूस, त्यांच्या काळात मुलींना शिकवत नसत, त्यांनी तरी काय करायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती आणि ती चांगली घट्ट बसली होती. मैत्रिणींनाही मी हेच सांगायची. त्या मला समजूतदार म्हणायच्या आणि मला ते आवडायचं.

पवईच्या ज्या ऑफिसात मी हिशेब बघते तिथे वर्षातून एक दिवस माणसांना एकमेकांवर प्रेम करायला लावतात. एका वर्षी दोरी ओढायला लावली, एका वर्षी डोळे बांधून एकमेकांच्या अंगावर पडायला लावलं. नंतरच्या वर्षी हॉलमध्ये गोलात खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीपुढे एक जेंबे होता. हे आफ्रिकेतलं वाद्य. आकार साधारण आमच्या गावच्या उखळासारखा, खाली निमुळता, वर रुंद, आणि तोंडावर दोऱ्यांनी आवळलेलं बकऱ्याचं कातडं. दोन गुडघ्यांत धरायचा आणि तळहाताने वाजवायचा. माझ्या शेजारची मुलगी नखं तुटतील म्हणून काळजीत होती. मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि कातड्यावर हात ठेवायची माझी ती पहिली वेळ होती.

हात मधोमध पडला आणि तो आवाज थेट पोटात उतरला. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी मान खाली घालून वाजवत राहिले. वाजवून घेणाऱ्या माणसाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं तेव्हा मी एकटीच चालू होते, आणि थांबायचं ते मी तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर येऊन थांबले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचा साहेब म्हणाला की मॅडम छुपी रुस्तम निघाल्या. माझे हात लाल झाले होते आणि मला ते सारखे बघावेसे वाटत होते.

जेंबेच का, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. एवढीच हौस होती तर ढोलकी शिकायची, तबला शिकायचा. मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. खरं कारण असं की या वाद्याला आमच्या घरात मागचंपुढचं काही नव्हतं. त्याचे बुवा नव्हते, मंडळ नव्हतं, ते बाईने वाजवावं की नाही यावर आमच्या नात्यात कुणाचं काही मत नव्हतं. जिथे नाही म्हणायला कुणी उभं नाही अशी ती जागा मला सापडली होती.

त्याच सुमाराला बाबांच्या कानाला मशीन लागलं. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे गेले होते. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता आणि बाबा त्यात दादाबरोबर अकराव्या मजल्यावर राहत होते. डॉक्टरांनी दादाला सांगितलं की ऐकणं आणखी कमी होत जाणार, मशीनचा उपयोग काही काळच. दादाने मला हे फोनवर असं सांगितलं जसं घरातला नळ गळतोय म्हणून सांगावं. मी मात्र त्या दिवसापासून घाईला आले. बाबांचे कान जायच्या आत त्यांना मला वाजवून दाखवायचं होतं. त्यांनी एकदा ऐकावं आणि जशी दादा कधी बरोबर समेवर आला की मान हलवायचे, तशी एकदा माझ्यासाठी हलवावी. दुसरं काही नको होतं.

मग गुरू शोधायला निघाले. पहिला सापडला अंधेरी पश्चिमेला, काचेच्या दाराच्या एका स्टुडिओत. केसांचा अंबाडा घातलेला पोरगा होता. त्याने उदबत्ती लावली, आम्हाला डोळे मिटायला लावले आणि ड्रम हे पृथ्वीचं हृदय आहे असं सांगितलं. कसंही वाजवा, इथे चूक असं काही नसतंच, म्हणाला. माझ्या डाव्या हाताची बोटं आखडत होती, तो आवाज दबका येत होता, हे मला कळत होतं. मी विचारलं तर म्हणाला, आँटी, थिंक मत करो. मी तीन रविवार गेले. जिथे चूकच नाही तिथे हा माणूस शिकवतो काय, हा प्रश्न मला दुसऱ्याच रविवारी पडला होता, पण माझा स्वभाव चिवट.

दुसरे मुलुंडमधलेच, सोसायटीच्या हॉलमध्ये तबला शिकवणारे वयस्क गृहस्थ. जेंबे येत नसेल पण हात तरी बसवून देतील, अशी माझी आशा. त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले की त्या डब्याला वाद्य म्हणत नाहीत. मग माझ्याकडे निरखून बघून सुचवलं की या वयात सुरुवात करायची तर पेटी बरी, बायकांना ती शोभते. मी पाणी पिऊन निघाले. त्या माणसाचा मला राग आला नाही. निदान त्याच्या लेखी काहीतरी शोभत होतं आणि काहीतरी शोभत नव्हतं.

तिसरा ऑफिसातल्या एका मुलाने सांगितला. मरोळला एक बंद पडलेला कोचिंग क्लास होता, त्याच्या एका खोलीत हा रविवारी सकाळी शिकवायचा. फळ्यावर अजून कुणाचीतरी गणितं होती. माणूस पस्तिशीचा, बोरिवलीचा, आडदांड. पश्चिम आफ्रिकेत एका गावात काही महिने राहून शिकून आला होता आणि ते दर दहा मिनिटांनी आठवण करून द्यायचा. वेळेवर कधी यायचा नाही. मूड नसला की फोनवर बोलत बाहेर उभा राहायचा आणि आम्ही पाचसहा जण आत वाट बघत बसायचो. पण आला की शिकवायचा. पहिल्या दिवशी माझा हात मनगटाशी धरून म्हणाला, "ताई, बोटं चिकटवा. ही फट आहे ना, इथून सगळा आवाज पळतोय." मी त्याच क्षणी ठरवलं की आपण इथेच शिकायचं. मी त्याला सर म्हणायची आणि तो मला ताई म्हणायचा, आणि दोघांनाही ते थोडं विचित्र वाटायचं.

जेंबेचे मूळ आवाज तीन. मधोमध तळहात पडला की खर्ज, कडेला बोटं जुळवून मारली की गोल आवाज, आणि बोटं सैल सोडून फटकारली की चटका. सगळा खेळ या तिघांचा. मला ते लवकर जमले. सरही चकित झाला. त्याने विचारलं की तुम्हाला कोणी शिकवलंय, मी म्हटलं कोणी नाही. तो म्हणाला की शक्यच नाही, हा हात कुणीतरी बसवलेला आहे. मी पुन्हा कोणी नाही म्हटलं. तेव्हा मला त्याचं उत्तर माहीत होतं आणि ते सांगायचं नव्हतं.

गाडी अडली ती पुढे. जेंबे एकट्याने वाजवायचा नसतो. चारपाच जण बसतात, प्रत्येकाला एक छोटा तुकडा असतो, तोच तो, तोच तो, न थांबता. सगळ्यांचे तुकडे एकमेकांत अडकले की चाल तयार होते. माझ्याकडे सगळ्यात साधा तुकडा दिला होता आणि तो मला धरताच येईना. चार आवर्तनं झाली की माझा हात आपोआप उसळायचा, एक उठाव, एक तिहाई, आणि धाडकन समेवर. भजनात वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. तिथे वाजवणारा समेवर आला की अख्खी बैठक मान हलवते. इथे सगळी चाल कोसळायची आणि बाकीचे माझ्याकडे बघत बसायचे.

सर आधी हसला, मग वैतागला. एका रविवारी त्याने सगळ्यांसमोर मला झापलं. "ताई, तुम्हाला सारखं कुठे पोहोचायचं असतं? इथे टाळी मिळायची जागाच नाही. तुम्ही थांबलात की बाकीच्यांची वाट लागते. गप चालत राहा ना." मी घरी येईपर्यंत रिक्षात रडले. अपमानाचं काही नव्हतं, असा अपमान मला चालला असता. मला वाईट याचं वाटलं की माझ्यात बाबांचं म्हणून जे काही होतं, जे मी पडद्याआडून चोरून आणलं होतं, तेच आता खरवडून काढायचं होतं. बाबांना ऐकवण्यासाठी शिकायचं आणि त्यासाठी बाबांनाच पुसायचं.

पण पुसलं. सहाआठ महिने मी तो एकच तुकडा वाजवला. घरी जेंबेच्या खालच्या तोंडात जुना टॉवेल कोंबायची म्हणजे आवाज मरायचा. तरी शेजारीण विचारून गेली की कातडं कशाचं आहे. बकऱ्याचं म्हटल्यावर तिने आमच्याकडे विरजण मागायला येणं बंद केलं. आमच्या यांना माझ्या वाजवण्याचं फारसं काही नव्हतं, फक्त पाहुणे आले की म्हणायचे, आमच्याकडे माकडवाला राहायला आलाय. माकडवाला मी आणि माकडही मीच. सगळे हसायचे. मीही हसायची, कारण न हसण्याने काय होतं ते मला माहीत आहे.

दरम्यान वाकोल्याला जायची तेव्हा बघायची की बाबांना काय काय ऐकू येत नाही. आधी दाराची बेल गेली. मग टीव्हीवरच्या बातम्या. मग सुनेचा आवाज, तो मात्र त्यांनी थोडा स्वतःहून सोडला असावा. मी मोठ्याने बोलायची, तरी मध्येच ते नुसते हसून मान हलवायचे आणि मला कळायचं की काही पोहोचलं नाही. मी जेंबे शिकतेय हे त्यांना सांगितलं होतं. त्यांना वाटलं मी जिममध्ये काहीतरी करते.

गणपतीत दादाला विचारलं. आता त्यांच्याकडे भजन असं होत नव्हतं, स्पीकरवर आरती लावायचे. मी म्हटलं की मंडळातले जे कोण राहिलेत त्यांना दुपारी बोलाव, पखवाज नाही तर मी वाजवते. दादा लगेच हो म्हणाला. "झकास. ये घेऊन. बाबांनाही बरं वाटेल." त्याच्या आवाजात जराही काही नव्हतं, ना खुपलेलं ना दुखलेलं. त्याने ते वाद्य सोडलं ते खरंच सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार म्हातारे आले. बुवा त्यातले एक, दम लागत होता पण गळा शाबूत. माझ्या जेंबेकडे त्यांनी जरा बिचकूनच पाहिलं. एकाने विचारलं की हे कुठल्या बाजूने वाजवतात. मी हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा भजनाला मी पुरुषांच्या ओळीत बसले होते आणि वहिनी आत चहा करत होती. बाबांना समोर आरामखुर्चीत बसवलं होतं. मी त्यांना मोठ्याने म्हटलं, बाबा, मी वाजवतेय. त्यांनी मान हलवली. बुवांनी पेटी उघडली आणि सूर धरला.

पहिला अभंग सुरू झाला आणि मी हात टाकला. दोनतीन आवर्तनं झाली असतील, मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी कपाळाला आठी घातली, कानातलं मशीन काढलं आणि बाजूच्या स्टुलावर ठेवून दिलं.

तेव्हा मला काय वाटलं ते मी इथे लिहिलं तर ते वाचवणार नाही. मला तो जेंबे अकराव्या मजल्यावरून खाली टाकावासा वाटला. पण माझा हात चालत राहिला. त्या मरोळच्या माणसाने गप चालत राहायला शिकवलं होतं त्याचा मला त्या दुपारी खरा उपयोग झाला. साधा ठेका, खाली खर्ज, वर गोल आवाज, बुवांना जागा द्यायची, मध्ये लुडबुडायचं नाही. बुवा हळूहळू मोकळे झाले. शेवटी गजर आला, लय चढली, टाळ जोरात आले आणि बुवांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. भजनात असं बघणं म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. एवढे महिने दाबून ठेवलेली तिहाई मी तेव्हा सोडली आणि बरोबर समेवर उतरले. म्हाताऱ्यांच्या तोंडून एकदम वा निघालं. दादाही मोबाइल खाली करून वा म्हणाला. मी बाबांकडे बघितलंच नाही.

चहा झाला, उसळ झाली, माणसं गेली. बुवा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. दादा त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेला आणि वहिनी आत भांडी आवरत होती. मी बाबांसमोर जाऊन बसले. त्यांनी स्टुलावरचं मशीन उचलून कानात घातलं आणि माझ्याकडे बघून हसले.

मी विचारलं की तुम्ही का ऐकलं नाहीत.

"ऐकाक काय येवक नाय," बाबा म्हणाले. "मशीनीत नुसतां फाटतां. म्हणान काढलंय." मग माझे हात हातात घेतले, उलटे केले, तळवे बघितले. "तुजे हात बघत होतंय. हात दिसले काय आवाज कळता माका."

त्यांनी मशीन काढलं ते मला नीट बघायला, आणि मी मघाशी काय काय विचार करून बसले होते. मी काही बोलायच्या आत तेच पुढे बोलले. शेवटचा तुकडा चांगला आला, म्हणाले. डावा हात थोडा जड पडतो. आणि मग म्हणाले, "हात बरो आसा तुजो. पयल्यापासून बरो."

मी विचारलं, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून.

त्यांनी सांगितलं. मी आतल्या खोलीत रिकामी परात उलटी घालून तिच्यावर बोटांनी वाजवायची म्हणे. दादा बाहेर जो बोल घेत असेल तोच. तो चुकायचा आणि मी चुकायची नाही. पडदा एकच, त्यामुळे बाबांना दोन्हीकडचं ऐकू यायचं. मला यातलं काहीसुद्धा आठवत नाही. मी कणीक मळल्याचं आठवतं, खोबरं खवल्याचं आठवतं, वाजवल्याचं आठवत नाही. माझी ती एक गोष्ट बाबांकडे होती आणि त्यांनी ती इतकी वर्षं ठेवून घेतली होती.

"मग मला शिकवलं का नाही?" मी म्हटलं. "बायकांनी वाजवायचं नाही म्हणून ना?"

उत्तर माझ्याकडे तयारच होतं, मी फक्त त्यांच्या तोंडून ते घ्यायला बसले होते. ते हो म्हणाले असते तर मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं असतं आणि सगळं संपलं असतं.

"छ्या," बाबा म्हणाले. "तसां काय नाय गो. गावाक माजी आत्या वाजवी, सगळो गाव ऐकाक बसी."

बाबा बोलत होते. त्यांना त्या दिवशी बोलायचा उत्साह आला होता, बऱ्याच दिवसांनी घरात भजन झालं होतं. ते अगदी सरळपणाने सांगत होते, त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं.

"तुका शिकवलंय असतंय तर तू फुडे गेलां असतंस. आणि तुजो दादा मगे बसलोच नसतो. झिलाक कसां वाटलां असतां, भैनीच्या मागे?" मग ते स्वतःशीच हसले. "आता तो तरी खंय टिकलो म्हणा."

बाहेर लिफ्टचं दार वाजलं. दादा कुणाशीतरी फोनवर बोलत पॅसेजमध्येच उभा होता, त्याच्या ऑफिसातलं काहीतरी होतं. मला एकदम कळलं की मी बाबांना कधीच माफ केलं नव्हतं. मी माफ केलं होतं ते चालीरीतींना, जुन्या काळाला, गावाला, गिरणीला, आमच्या गरिबीला. ते सगळं बाबांनी एक छ्या म्हणून बाजूला सारलं होतं आणि आता तिथे फक्त ते उरले होते, ऐकू येणारे, समजणारे, दोन मुलांमधला फरक अचूक ओळखणारे. रविवारी रविवारी त्यांनी तो फरक ऐकला होता. ऐकून माझ्याकडून कणीक घेतली होती. मला राग आला, आणि हा राग आता कुणावर काढायचा, त्या मशीन लावलेल्या म्हाताऱ्यावर? चाळीस वर्षांपूर्वी हा राग आला असता तर त्याचं काहीतरी करता आलं असतं.

मी त्यांच्या जवळ सरकले. मशीनच्या बाजूला तोंड नेऊन, शब्द सुटे सुटे करून विचारलं, म्हणजे ऐकू आलं नाही असं व्हायला नको.

"आणि मला कसं वाटलं असतं, बाबा?"

बाबांना ऐकू गेलं. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी असं काही नव्हतं. प्रश्न नवा होता, एवढंच दिसत होतं. ते खरोखर विचार करत होते, नातवाने अवघड गणित घातल्यावर करतात तसा, आणि मी वाट बघत बसले. मला अजूनही त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं याची मला तेव्हा लाज वाटली.

"तुका काय गो," ते शेवटी म्हणाले. "तू शाणां होतंस."